टॉफीचा पाक

संस्कृतात ‘पाक’ म्हणजे शिजविणे. मग ते अन्न कोणतेही असो. मराठी घरात मात्र ‘पाक झाला का?’ असे कोणी विचारले, की प्रश्न साखरेविषयी आहे हे निराळे सांगावे लागत नाही. साऱ्या स्वयंपाकाला पुरणारा शब्द साखरेच्या एका पातेल्यापुरता उरावा, यावरून या कृतीला घराघरांतून किती मान होता हे दिसते. तो मान उगाच मिळालेला नव्हता. भात थोडा मऊ झाला तर चालतो, आमटी पातळ झाली तरी खपते. पाकाकडे क्षणभर दुर्लक्ष झाले तर तो हातचा जातो. म्हणूनच बोटांच्या चिमटीत धरून पाहावयाची तार आणि वाटीभर गार पाण्यात सोडून पाहावयाचा थेंब, ही दोन मापे आजींपासून नातींपर्यंत चालत आली. एकतारी पाक गुलाबजामला, गोळीबंद पाक लाडवांना, आणि पाण्यात पडताच कडक होऊन काडीसारखा मोडणारा पाक चिक्कीला, ही वाटणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना टॉफीची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. टॉफी ही याच शिडीची वरची पायरी होय.

त्या शिडीचे शास्त्र थोडक्यात असे. साखरेचे पाणी उकळत राहिले म्हणजे पाणी उडून जाते, आणि उरलेला पाक जितका दाट, तितका त्याचा उत्कलनबिंदू वर चढतो. त्यामुळे उष्णमापकावरील अंश हे खरोखर पाकात पाणी किती उरले त्याचेच माप असते. 105 अंश सेल्सिअसच्या आसपास तार येते; 112 ते 116 अंशांवर मऊ गोळी वळते; 146 ते 154 अंशांच्या दरम्यान पाण्याचा अंश शेकडा 1 च्या आसपास येऊन ठेपतो, आणि असा पाक निवला म्हणजे काचेसारखा टणक होतो. ‘काचेसारखा’ ही येथे केवळ उपमा नाही. नीट जमलेल्या टॉफीत साखरेच्या कणांना रांगेने बसण्यास सवडच मिळालेली नसते, ते जेथल्या तेथे गोठलेले असतात. पदार्थविज्ञान अशाच अवस्थेला काच म्हणते. पण एखादा चुकार कण पातेल्याच्या कडेवरून आत पडला, की त्याच्याभोवती बाकीचे कण जमतात आणि सगळा पाक साखरतो. यावरचा उपाय म्हणून आपल्याकडे पाकात लिंबू पिळतात; इंग्रज गृहिणी त्याच हेतूने चमचाभर व्हिनेगर घालीत. आम्लामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन शर्करा होतात आणि त्या मूळ साखरेच्या कणांना एकत्र येऊ देत नाहीत. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन स्वयंपाकघरांनी रसायनशास्त्राच्या मदतीवाचून एकच युक्ती शोधून काढावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अर्थात चिक्की आणि टॉफी यांत एक भेद आहे, आणि तो लोण्याचा. चिक्कीच्या ताटाला तुपाचा हात फिरवितात तेवढाच. टॉफीत लोणी साखरेच्या बरोबरीने पडते. लोण्यातील दुधाचा अंश साखरेबरोबर तापतो तेव्हा जो तांबूस रंग आणि जो खमंग वास येतो, त्यामागील रासायनिक क्रियेचे पहिले वर्णन लुई कामिय मेयार या फ्रेंच संशोधकाने 1912 साली केले. टॉफी करणाऱ्या बायका त्याच्या पूर्वी शंभर वर्षे तरी ती क्रिया नाकाने ओळखीत होत्या.

या पदार्थाचे नाव इंग्रजी आहे. परंतु त्याचे कूळ शोधू लागले असता वाट पूर्वेकडे, आणि शेवटी गंगेच्या खोऱ्याकडे वळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातील वस्तूंची गणना करताना उसापासून होणाऱ्या पदार्थांचा एक वर्ग दिला आहे: फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. पातळ काकवीपासून निवळलेल्या दाणेदार साखरेपर्यंतची ही यादी होय. ‘शर्करा’ याचा मूळ अर्थ वाळू, खडे. अरबांनी तिचे ‘सुक्कर’ केले आणि युरोपातील बहुतेक भाषांनी तेथून उचल केली. ‘खंड’ म्हणजे तुकडा. फारसीत त्याचा ‘कंद’ झाला आणि इंग्रजीत आला तो ‘कँडी’ होऊन. फाणिताचा प्रवास तर याहूनही विलक्षण आहे. फारसीत तो ‘पानीद’ झाला, अरबीत ‘फानीद’, आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये उतरला तेव्हा त्याचे ‘अल्फेनिके’ झाले. आज मेक्सिकोत मृतांच्या सणाच्या दिवसांत साखरेची रंगीत कवटी विकत घेणारे मूल तिला ‘अल्फेनिके’ म्हणते, तेव्हा मगधातल्या काकवीचे नाव आपण घेत आहोत हे त्याच्या गावीही नसते.

बौद्ध विनयग्रंथांत आजारी भिक्षूला सात दिवसांपर्यंत जवळ बाळगता येतील अशी पाच औषधे सांगितली आहेत: तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित. लोणी आणि फाणित! टॉफीचे दोन्ही घटक एकाच यादीत हजर आहेत; ते एका पातेल्यात मात्र कोणी घातले नाहीत. ते काम व्हावयास आणखी दोन हजार वर्षे जावी लागली. येथे महत्त्वाचे आहे ते हे, की साखर ही प्रथम औषध होती. युरोपातही ती पहिली काही शतके वैद्याच्या दुकानातच मिळे. काळ्या काकवीला इंग्रजीत ‘ट्रीकल’ म्हणतात. तो शब्द विषारी प्राण्यांच्या दंशावरील उताऱ्याच्या ग्रीक नावावरून आलेला आहे.

ख्रिस्तपूर्व 325 च्या सुमारास अलेक्झांडरचा नौसेनापती निआर्कस याने मधमाशांवाचून मध देणाऱ्या भारतीय बोरूची वार्ता पश्चिमेला दिली. इसवी सन 647 मध्ये चीनच्या तांग सम्राटाने साखर करण्याची विद्या शिकून येण्यासाठी मगधाकडे माणसे धाडली. तोपर्यंत साखरेचा प्रसार हा विद्येचा प्रसार होता; ज्याला हवी त्याने शिकावी, आपल्या शेतात ऊस लावावा, आपल्या कढईत रस आटवावा. पुढे जे झाले त्याची जात मात्र निराळी होती.

1493 मध्ये कोलंबसाने दुसऱ्या सफरीत उसाची रोपे वेस्ट इंडीजमध्ये नेली. उसाला उष्ण हवा मानवली. परंतु ऊस तोडल्यावर तो ताबडतोब गाळावा लागतो, रस ताबडतोब आटवावा लागतो, आणि हंगामात रात्रंदिवस चरक आणि भट्ट्या थांबत नाहीत. या कामाला माणसे हवी होती. ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून बेड्या घालून आणण्यात आली. अटलांटिकच्या गुलामव्यापारात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकनांना जहाजांवर चढविले गेले, असा आजच्या इतिहासकारांचा हिशेब आहे. त्यांतील फार मोठ्या हिश्श्याचे नशीब साखरेच्या मळ्यांशी बांधले गेले. आपल्याकडे ज्या कामाला गुऱ्हाळ म्हणतात आणि ज्याच्या आठवणी बहुधा गरम काकवीच्या आणि ताज्या गुळाच्या असतात, तेच काम समुद्रापलीकडे असे झाले.

टॉफीच्या इतिहासाचा धागा येथे लिव्हरपूल बंदराशी येऊन मिळतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या बंदरातून गुलामव्यापाराची जितकी जहाजे सुटत, तितकी इंग्लंडातील दुसऱ्या कोणत्याही बंदरातून सुटत नसत. लिव्हरपूलच्या जहाजांनी एकंदर सुमारे 15 लक्ष आफ्रिकनांची वाहतूक केली. तीच जहाजे परतताना साखर आणीत, आणि बंदराच्या आसपास ती शुद्ध करण्याचे कारखाने उभे राहिले होते. याच शहरालगतच्या टेकडीवर एव्हर्टन नावाचे खेडे होते. मॉली बुशेल नावाच्या एका बाईने तेथे 1753 च्या सुमारास घरच्या चुलीवर टॉफी करून विकावयास आरंभ केला, अशी तेथील परंपरा सांगते. टॉफी हा शब्द छापील पुस्तकांत यावयास एकोणिसावे शतक उजाडले, त्यामुळे त्या काळी बाई आपल्या पदार्थाला काय म्हणत असतील ते असो. ‘एव्हर्टन टॉफी’ मात्र पुढे देशभर नावाजली. त्या गावाच्या फुटबॉल संघाला आजही ‘टॉफीज’ असेच म्हणतात. गंमत अशी, की 1878 मध्ये हा संघ निघाला तेव्हा त्याचे नाव ‘सेंट डॉमिंगो’ होते. ज्या चर्चच्या मुलांनी तो काढला त्याचे ते नाव, चर्चला ते मिळाले तेथील एका जुन्या वाडीवरून, आणि वाडीला ते देणारा गृहस्थ वेस्ट इंडीजशी व्यापार करणारा होता. सांतो डॉमिंगो हे साखरेच्या एका बेटावरील स्थळ. गावची टॉफी आणि गावचा संघ, दोघांच्याही नावामागे शेवटी साखरच निघावी!

साखरेच्या या मुळाविषयी इंग्लंडात सगळेच आंधळे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1791 मध्ये गुलामव्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटने फेटाळला, तेव्हा विल्यम फॉक्स याने एक लहानसे पत्रक काढून गुलामांच्या श्रमाची साखर खाऊ नका असे लोकांना आवाहन केले. ते हातोहात खपले, आणि हजारो कुटुंबांनी साखर वर्ज्य केली. हा बहिष्कार चालविला तो मुख्यतः बायकांनी, कारण घरात साखर आणावयाची की नाही हे त्यांच्या हाती होते. मताचा अधिकार ज्यांना नव्हता त्यांनी साखरदाणीचा अधिकार वापरला. काही दुकानदार ‘ईस्ट इंडियाची, गुलामांनी न केलेली’ अशा अक्षरांच्या साखरदाण्या विकू लागले. भारतातील साखर अशा रीतीने काही काळ नीतिमान इंग्रजांच्या चहात पडली. ती पिकविणाऱ्या बंगालच्या कुळांची स्थिती कशी होती, याची चौकशी त्या साखरदाणीवर नव्हती.

1807 मध्ये इंग्रजांनी गुलामव्यापार बंद केला. 1833 च्या कायद्याने आपल्या वसाहतींतील गुलामगिरीही संपविली. त्याबद्दल 2 कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली. ती गुलामांना नव्हे, मालकांना. भरपाई घेणाऱ्यांत जॉन ग्लॅडस्टन हा लिव्हरपूलचा व्यापारी होता. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा तो बाप. त्याच्या डेमेरारातील मळ्यांना आता मजूर हवे होते, आणि त्याची दृष्टी भारताकडे वळली. 1838 च्या मे महिन्यात ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ या दोन जहाजांतून भारतीय मजुरांची पहिली तुकडी ब्रिटिश गियानात उतरली. मॉरिशसला हा प्रवाह 1834 पासूनच वाहू लागला होता; त्रिनिदाद, नाताळ, फिजी ही नावे त्यात मागाहून आली. ‘ॲग्रिमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश करून हे लोक स्वतःला ‘गिरमिटिये’ म्हणू लागले. त्यांत बिहार आणि संयुक्त प्रांतांतील लोक अधिक होते, तामीळ आणि तेलुगू होते, आणि मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेले कोकणातील मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांच्या शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि गणेशचतुर्थीला त्या बेटावर सार्वजनिक सुटी असते. ज्या देशाने साखरेची विद्या जगाला दिली, त्या देशाची माणसे पाच पाच वर्षांच्या करारावर परक्यांचा ऊस तोडावयास गेली. ही प्रथा 1917 मध्ये बंद पडेपर्यंत भारतातील सार्वजनिक जीवनात तिच्याविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली होती.

इंग्लंडातील साखर या सर्व घडामोडींत दिवसेंदिवस स्वस्त होत गेली. 1846 मध्ये साखरेवरील जकात सर्व देशांना सारखी करण्याचे ठरले, आणि क्यूबा व ब्राझील येथील गुलामांनी केलेली साखर पुन्हा इंग्रजी बाजारात आली. पन्नास वर्षांपूर्वीच्या बहिष्काराची आठवण ठेवणारे त्या वेळी अल्पसंख्य ठरले. बिटापासून साखर निघते हे जर्मनीत मारग्राफ याने 1747 मध्येच दाखविले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपभर बिटाच्या साखरेचा पूर आला. 1874 मध्ये साखरेवरील जकात अजिबात उठली. 1700 मध्ये इंग्लंडात माणशी वर्षाला सुमारे 4 पौंड साखर खपे. दोनशे वर्षांनंतर ती 90 पौंडांच्या आसपास गेली. सरदाराच्या मेजवानीतील वस्तू गिरणी कामगाराच्या ताटात आली. घरगुती टॉफीचा खरा काळ तो हाच. उत्तर इंग्लंडातील यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांत, जेथे कोळसा स्वस्त, थंडी कडक आणि मुले पुष्कळ, तेथे शनिवारी संध्याकाळी टॉफीचा तवा चुलीवर चढू लागला. 5 नोव्हेंबरला, 1605 मधील पार्लमेंट उडविण्याच्या कटाच्या स्मरणार्थ होळ्या पेटवितात. त्या रात्रीसाठी ट्रीकल घालून केलेली काळी, किंचित कडवट टॉफी तेथे अजूनही करतात आणि काही ठिकाणी तिला ‘कटाची टॉफी’ म्हणतात. आपल्याकडील संक्रांतीच्या तिळगुळाशी तिची तुलना कोणी केली, तर ती फारशी ओढून ताणून केलेली ठरणार नाही. दोन्ही थंडीतले पदार्थ आहेत आणि दोन्हीत शुभ्र साखरेला मान नाही.

याच यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स गावी 1890 मध्ये जॉन मॅकिंटॉश आणि व्हायोलेट हे नवे जोडपे मिठाईचे लहानसे दुकान चालवू लागले. इंग्रजी बटरस्कॉच दातांना दाद देत नसे आणि अमेरिकन कॅरमल फार मऊ लागे. या दोहोंच्या मधली टॉफी त्यांनी काढली. व्हायोलेटने लग्नापूर्वी मिठाईच्या दुकानात काम केले होते. पदार्थ तिच्या हातचा, त्याची जाहिरात जॉनची. ‘टॉफीचा राजा’ म्हणून पुढे नाव झाले ते जॉनचे. राणीचा उल्लेख त्या मानाने कमी होतो.

दुकानातील टॉफी मोठ्या लादीच्या रूपाने येई आणि ती फोडण्यासाठी एक चिमुकली हातोडी मिळे. घरोघरी असलेल्या या हातोडीला इतिहासात एक अनपेक्षित जागा मिळाली. 1912 च्या मार्चमध्ये मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांनी लंडनच्या मोठ्या दुकानांच्या काचा फोडल्या, तेव्हा कित्येकींनी हातरुमालांच्या आणि हातपिशव्यांच्या आड नेली होती ती हीच टॉफीची हातोडी. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या साखरेच्या बहिष्कारानंतर इंग्रज स्त्रीच्या राजकारणात स्वयंपाकघरातील वस्तू अशी पुन्हा आली.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात साखर आणि लोणी या दोहोंवर 1940 च्या जानेवारीतच नियंत्रण आले. घरची टॉफी त्याच दिवशी संपली म्हणावयास हरकत नाही. 1942 मध्ये तयार मिठाईवरही शिधापत्रिका लागू झाली. युद्ध संपल्यावर 1949 च्या एप्रिलमध्ये सरकारने मिठाई मोकळी केली. परंतु दुकानांवर अशी झुंबड उडाली की चार महिन्यांत नियंत्रण पुन्हा बसवावे लागले. अखेर 5 फेब्रुवारी 1953 रोजी ते उठले. त्या दिवशी शाळकरी मुलांच्या रांगा लागल्या, आणि सर्वांत अधिक खप झाला तो टॉफीत बुडविलेल्या सफरचंदांचा. दहा अकरा वर्षांच्या मुलांपैकी अनेकांना मिठाई मनास येईल तितकी विकत घेता येते, ही गोष्टच नवी होती.

अमेरिकेत टॉफीला आणखी एक वळण मिळाले. इलिनॉय राज्यातील रॉबिन्सन या गावच्या हीथ कुटुंबाने 1914 मध्ये मिठाईचे दुकान काढले आणि पुढे चॉकलेटचे कवच असलेली पातळ, कुरकुरीत ‘इंग्लिश टॉफी’ विकावयास सुरुवात केली. तिचा चुरा बिस्किटांत, केकात आणि आइस्क्रीमवर घालण्याची चाल तेथे रूढ झाली. मग नुसते तुकडेच पुड्यांतून मिळू लागले. आणि जे पुड्यांतून मिळू लागते ते घरी करून पाहण्याची हौसही मागोमाग येते. लोणी आणि साखर साधारण समभाग, चिमूटभर मीठ, थोडे पाणी. आच मंद हवी. घाई केली तर लोणी फुटून वेगळे होते. पाक 150 अंशांच्या जवळ येऊन बदामी रंगाचा झाला, की तो तुपाचा हात फिरविलेल्या ताटात पातळ ओतावयाचा, आणि पूर्ण निवल्यावर लाटण्याने ठेचावयाचा. उष्णमापक नसेल तर गार पाण्यातला थेंब आहेच. महाबळेश्वर किंवा मसुरी अशा उंचीवरच्या गावी मात्र उष्णमापकापेक्षा थेंबावरच विश्वास ठेवणे शहाणपणाचे. दर हजार फुटांना पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे 1 अंशाने उतरतो, आणि पाकाचाही तितकाच. पावसाळ्यात हे तुकडे दमट हवेला लागताच चिकट होतात, तेव्हा झाकण घट्ट असलेला डबा हवा. मुंबई आणि कोकण येथे तर आषाढ श्रावणात हा उद्योग न केलेलाच बरा.

भारतात टॉफी आली ती प्रथम डब्यांतून, साहेबांच्या बंगल्यावर. साखर या देशात भरपूर होत असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरी साखर जावा आणि मॉरिशस येथून येऊ लागली होती. मॉरिशसच्या पोत्यांतील साखर काही प्रमाणात गिरमिटियांच्याच हातची असे. 1932 मध्ये देशी साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि कारखाने भराभर निघाले. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ वालचंद हिराचंद यांनी 1923 मध्ये उसाचा मळा घातला होता. 1933 मध्ये तेथे साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे चाळीसच्या दशकात त्याच साखरेच्या गोळ्या व टॉफी होऊ लागल्या. ‘रावळगाव’ हे खेड्याचे नाव महाराष्ट्राबाहेर जे पसरले ते चांदीच्या नव्हे, रंगीत कागदांच्या वेष्टनातून. लिमलेटच्या गोळीच्या बरणीशेजारी ही दुसरी बरणी आली, आणि एक नवा पैसा कोणत्या बरणीवर खर्च करावा हा प्रश्न देशभरच्या मुलांपुढे पडू लागला. 2024 मध्ये त्या गोळ्यांची नावे आणि त्यांच्या कृती एका मोठ्या उद्योगसमूहाने 27 कोटी रुपयांना विकत घेतल्या. त्या व्यवहारात रावळगावची जमीन आणि तेथील कारखान्याची इमारत मूळ मालकांकडेच राहिली.